पडावाच्या भरवशावर: कोकणकिनाऱ्याची आगबोट
मुंबई ते पणजी या किनारपट्टीवर रस्ते तुटक होते तोवर कोकणची बरीचशी वाहतूक समुद्रावरून चाले आणि तिचे स्वरूप जहाजांपेक्षा खाड्यांच्या मुखांनी अधिक ठरवले. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड असल्या, तरी शेवटच्या काही कोसांत त्यांच्या पात्रात भरतीचे पाणी शिरते; या पट्ट्याला खाडी म्हणतात. तिच्या तोंडाशी बंदर वसे आणि पाणी चढून जाई तेथे बाजारपेठ: वाशिष्ठीवर दाभोळ व चिपळूण, शास्त्रीवर जयगड व संगमेश्वर. पंधराव्या शतकात चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन परतताना दाभोळहून जहाजात बसला, एवढी या बंदराची तेव्हा ऊठबस होती.

नदीचा गाळ आणि लाटांनी लोटलेली वाळू यांमुळे अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो आणि जड जहाजाला आत शिरणे अवघड होते. एकोणिसाव्या शतकात आगबोटी, म्हणजे कोळसा जाळून वाफेवर चालणारी जहाजे, या किनाऱ्यावर धावू लागली आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेऊ लागली, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांना खोल पाण्यातच नांगर टाकावा लागे. तेथून किनाऱ्यापर्यंतचे अंतर पडावाने, म्हणजे खलाशांनी वल्हवत नेलेल्या रुंद, उघड्या होडीने, कापले जाई. आगबोटीने शिडाच्या गलबतांचे उतारू पळवले खरे, पण पडाव मात्र तिने जगवला. किंबहुना पडावावाचून तिचे पानही हलत नसे. समुद्राला फुग असली की पडाव बोटीच्या दाराशी वरखाली होई, आणि तो लाटेबरोबर वर येई त्या क्षणी दारातला खलाशी उतारूचे दंड धरून त्याला आत ओढून घेई. वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या करंड्या आणि पोरेबाळे याच वाटेने वर चढत. बोट लागणे, म्हणजे समुद्राच्या हेलकाव्याने मळमळणे, याची धास्ती मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याला शिमग्याच्या ओढीपुढे फारशी वाटत नसावी.

या मार्गावर स्वदेशी भांडवलाची एक कंपनीही उतरली. कागदोपत्री ती सहकारी नौकानयन कंपनी होती. लोकांच्या तोंडी मात्र तिचे नाव ‘माझी आगबोट कंपनी’ असेच होते, आणि परक्या कंपन्यांशी चाललेल्या स्पर्धेत उतारूंची आपुलकी कमावण्याचा यापेक्षा सोपा मार्ग क्वचितच सापडला असता. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे होती, परंतु नावाच्या पुण्याईला समुद्र दाद देत नाही. 1927च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी बुडाल्या. पावसाळ्यात कोकणची लांबची फेरी बंद राही, पण मुंबई–रेवस ही जवळची फेरी चालू असे. त्याच फेरीवर 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

स्वातंत्र्यानंतर ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी कोकणची लांबची फेरी काही काळ चालवली. पुढे रस्ते सुधारले, एस.टी. थेट गावात पोहोचू लागली, आणि कोकण रेल्वे 1998 साली पूर्णपणे सुरू होण्याआधीच ही प्रवासी वाहतूक थांबली होती. मालवणच्या ज्या समुद्रात पूर्वी पडाव बोटीची वाट पाहत, त्याचा काही भाग 1987 साली सागरी अभयारण्य झाला, आणि तेथील प्रवाळ पाहण्यासाठी पर्यटक छोट्या होड्यांतून जाऊ लागले. 2018 साली मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटकांचे जहाज सुरू झाले. त्याचे नाव विजयदुर्गसमोरच्या खोल समुद्रात बुडालेल्या प्रवाळी उथळ्याची, आंग्रिया बँकेची, आठवण देते. मात्र ते दुपारी मुंबई सोडून दुसऱ्या सकाळी गोव्याला पोहोचे, आणि विजयदुर्गापुढून जाताना पडावासाठी थांबण्याचे त्याला काहीच कारण नव्हते.