बंदुकीचे ओझे

शिकारीची जुनी पुस्तके वाचताना एक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. वाघ येतो, चाप ओढला जातो, साहेब पडलेल्या जनावराशेजारी उभा राहतो. पण दिवसभर ती बंदूक कोणाच्या खांद्यावर होती, याचा उल्लेख बहुधा ओझरता येतो, आणि कित्येकदा येतच नाही. उलट बंदूक कोणती निवडावी, यावर मात्र पानेच्या पाने असतात. सॅम्युएल बेकर यांच्या १८९० सालच्या ग्रंथाचे पहिले प्रकरणच मागील अर्धशतकातल्या बंदुकांवर आहे. ही प्रकरणे साहित्याचा विद्यार्थी सहसा ओलांडून पुढे जातो. आम्हीही जात होतो. पण त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या तपशिलात एक सामाजिक इतिहास दडलेला आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या ठाणे-कल्याणच्या डोंगरांपर्यंत येतो, असे आता वाटते.

प्रश्न वरकरणी साधा आहे. उंच डोंगरात, लांब अंतरावरच्या सावजासाठी हलकी बंदूक हवी. पण हलकी म्हणजे किती, आणि हलकेपणाची किंमत कोणती?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या प्रश्नाला फारसा अर्थच नव्हता. काळ्या दारूच्या जोरावर गोळीला फार वेग देता येत नसे. मोठे जनावर पाडायचे तर गोळीच जड करावी लागे. गोळी जड म्हणून नळी जाड, आणि नळी जाड म्हणून बंदूक अवजड. बेकर यांच्याकडे अर्धा पौंड वजनाचा गोळा फेकणारी एक बंदूक होती, तिचे लाडके नाव ‘बेबी’! अशी बंदूक बाळगणारा माणूस ती स्वतः वाहत डोंगर चढत नाही. ती दुसऱ्याने वाहायची, वेळ आली की हातात द्यायची, आणि आपण बाजूला व्हायचे. शिकारकथेतील ‘बंदूकवाला’ नोकर हे पात्र केवळ साहेबी ऐटीतून जन्मलेले नाही. ते दारूच्या रसायनातूनही जन्मले आहे.

हे चित्र बदलले १८८० च्या दशकात. फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी धूररहित दारू सिद्ध केली आणि १८८६ साली फ्रेंच सैन्याने लेबेल रायफल स्वीकारली. नव्या दारूमुळे बारीक, लांबट गोळी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने जाऊ लागली. नळी अरुंद झाली, बंदुकीचे वजन उतरले. त्यापाठोपाठ जर्मनीत माउझर यांची १८९८ ची रचना आली. तीत दाराला कडी घालावी तसा पोलादी बोल्ट पुढे सारून वळवला की नळीचे तोंड मागून घट्ट बंद होते. बोल्टच्या पुढच्या टोकाचे दोन खुंट खाचांत अडकतात आणि स्फोटाचा सारा ताण पेलतात. हलणारे भाग थोडे, रचना ताठ, थंडीत वा धुळीत अडण्याचा संभव कमी. डोंगरी शिकाऱ्यांनी ही रचना उचलली ती याच गुणांसाठी.

तरीही हलकेपणा फुकट मिळत नाही. गोळी तीच आणि दारू तीच ठेवून चार किलोची बंदूक तीन किलोची केली, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. चढ चढून धाप लागलेल्या माणसाच्या हातात हलकी नळी अधिक थरथरते. बारीक नळी लवकर तापते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्रजांनी ली-एनफील्ड कापून-कोरून सुमारे सव्वातीन किलोची ‘जंगल कार्बाइन’ बनवली. ती जोराचा धक्का आणि न टिकणारा नेम या दोन गोष्टींसाठीच प्रसिद्ध झाली. डोंगराचे स्वतःचे गणित आणखी वेगळे. सेकंदाला आठशे मीटर वेगाने निघालेली गोळी तीनशे मीटर जाईपर्यंत पाऊण-एक मीटर खाली येते, म्हणून शिकारी नेम उंच धरतो. पण सावज पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने तेच अंतर अवघे दोनशे बारा मीटर भरते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याची गोळी वर असो की खाली, सावजाच्या पाठीवरून निघून जाते. बंदूक निवडणे म्हणजे वजन, धक्का, वेग आणि स्वतःचा दम यांच्यातील तडजोड होय. चांगला जाणकार प्रथम आपला दम मोजतो आणि मग दुकानात जातो.

या तडजोडीचे सर्वांत परिचित उदाहरण जिम कॉर्बेट यांचे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. ती माउझरच्या रचनेवर बेतलेली, सात मिलिमीटर गोळीची होती. कॉर्बेट यांच्यापाशी याहून भारी दुनळी बंदूकही होती. पण कुमाऊँच्या डोंगरांत मैलोन्‌मैल एकट्याने चालायचे तर रिग्बी सोयीची. ‘कुमाऊँचे नरभक्षक’ या १९४४ च्या पुस्तकाचा सूर आधीच्या शिकारग्रंथांहून निराळा का लागतो, याचे एक कारण आम्हांला येथे दिसते. हा माणूस आपली बंदूक आपणच वाहतो. मिरवणूक गळून पडली की माणूस जंगलाच्या जवळ जातो, आणि गद्यही जाते. सारे श्रेय रायफलीला देण्याचा आमचा आग्रह नाही. पण शैलीचा विचार करताना खांद्यावरचे वजन अगदीच विसरू नये.

आता आमच्याकडे वळू. डोंबिवली-कल्याणहून दक्षिणेकडे पाहिले की मलंगगडाची रांग दिसते. आसनगावापाशी सुमारे साडेआठशे मीटर उंचीचा माहुली उभा आहे. डोंगर आहेत, पण येथे हिमालयातील उघडे उतार नाहीत. पावसाळ्यानंतर कारवी माणसाच्या डोक्यावर जाते, आणि सात-आठ वर्षांतून एकदा ती फुलते तेव्हा तर सारा कडा झाकून टाकते. सांबर किंवा डुक्कर दिसते ते हाकेच्या अंतरावर, आणि तेही क्षणभर. म्हणून येथली शिकार लांबच्या नेमाची नव्हती; ती हाक्याची होती. गावकऱ्यांनी डबे वाजवत, आरडाओरडा करत रान उठवायचे आणि बंदूकवाल्याने मचाणावर किंवा खिंडीच्या तोंडाशी दबा धरून बसायचे. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, तसे मुंबईच्या हौशी मंडळींना हे रान जवळ आले. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वाघ-बिबळ्यांची नोंद आहे, आणि ठाकूर, कातकरी, वारली, कोळी यांचीही आहे. एकाच ग्रंथात, थोड्या पानांच्या अंतराने, एकाच प्रकारच्या वर्णनपर भाषेत!

ज्यांना या रानाची प्रत्येक पायवाट ठाऊक होती, त्यांच्यापुढे ‘कोणती बंदूक निवडावी’ हा प्रश्न कधी आलाच नाही. याचे कारण १८७८ या एका सालात सापडते. त्या वर्षी सरकारने तीन कायदे केले: वनांचा सातवा, देशी वृत्तपत्रांचा नववा आणि हत्यारांचा अकरावा. वनकायद्याने जंगल राखीव करण्याची सत्ता दिली. वृत्तपत्र कायद्याने देशी भाषांतील लेखणीवर पहारा बसवला; इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती. हत्यार कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले, आणि नियमांनी युरोपियनांना त्यातून सूट दिली. रान, भाषा आणि शस्त्र यांच्यावर एका वर्षात एकाच हाताने कुलपे लावली. साहित्याचा इतिहास शिकवताना आपण मधला कायदा सांगतो. उरलेले दोन इतिहासाच्या तासासाठी सोडून देतो. ते एकत्र वाचले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

त्यांचे पडसाद याच मुलखात उमटले. कल्याणला शिकलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये, म्हणजे हत्यार कायद्याला पुरते वर्षही झाले नसता, रामोश्यांना हाताशी धरून बंड उभारले. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी घाट उतरून पनवेलजवळची पळस्पे आणि चिखली ही गावे लुटली. जुलैत फडके पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. वनकायद्याविरुद्धची कुरकुर मात्र अर्जांच्या रूपाने चालूच राहिली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे.

पुढे बंदूक या जिल्ह्यात कोणाच्या हाती आणि कोणाच्या रोखाने राहिली, हे १० ऑक्टोबर १९४५ रोजी दिसले. त्या दिवशी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे काही सोबती त्यात ठार झाले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो लढा मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. शिकारग्रंथांच्या शेजारी हे पुस्तक कोणी ठेवत नाही. ठेवून पाहावे. ज्यांच्याकडून रान उठवून घेतले जात असे, ती माणसे येथे प्रथमच नावानिशी बोलतात.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा हत्यार कायदा आला. तो १९६२ पासून लागू झाला. वंशावरून मिळणारी सूट गेली, परवान्याची चौकट राहिली. लष्करी वापराची .३०३ गोळी सामान्य नागरिकास वर्ज्य असल्यामुळे ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफील्डच्याच रचनेवर .३१५ ची शिकारी रायफल बनवली. कायद्याच्या रेषेत बसावी म्हणून आखलेली ही बंदूक. डोंगर आणि दम यांचा विचार तिच्यात दुय्यम. आमच्या अंबरनाथलाही १९५० च्या दशकात आयुधनिर्माणीचा कारखाना उभा राहिला, आणि लोकलने भोंग्याच्या वेळा गाठणारी हजारो माणसे शस्त्रोद्योगाशी जोडली गेली. शस्त्राशी या भागाचे नाते असे पगारपत्रकापुरते उरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरल्यासुरल्या परवान्यांची वाटही बंद केली. म्हणजे हलकी डोंगरी रायफल सर्वांना निदान तत्त्वतः मिळू शकेल, असा काळ आला, आणि पाठोपाठ तिचे काम संपले. ते संपले हे चांगलेच झाले. पण ज्यांनी वाघ संपवले त्यांची पुस्तके उरली आणि ज्यांना रान बंद झाले त्यांचे अर्ज दप्तरात राहिले, हेही खरे.

मराठीत या शेवटाला एक वेगळे वळण मिळाले. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकार करीत. पुढे ते बंदूक ठेवून केवळ पाहण्यासाठी जंगलात जाऊ लागले, आणि ‘नागझिरा’सारखे पुस्तक त्यातून आले. बंदूक खाली ठेवल्यावर हात मोकळा होतो आणि डोळ्यांना घाई राहत नाही. त्या गद्यातील सावकाशीचा उगम तिथे असावा.

तेव्हा शिकारकथा शिकवू नयेत असे आम्ही म्हणत नाही. त्या वाचनीय आहेत, आणि त्यांच्यात निसर्गाचे बारकावे आहेत. फक्त बंदुकीच्या निवडीचे प्रकरण आले की ते ओलांडू नये. बंदूक किती वजनाची होती, हे विद्यार्थ्यांना विचारावे. आणि मग, ती कोणी वाहिली, हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकात बहुधा मिळणार नाही. ते शोधायला माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत जावे लागेल, आणि कल्याणहून आसनगावची गाडी तर दिवसभर असते.