पोटातले पित्त, अंगावरचे डाग

मराठी माणसाच्या अंगावर गांधी उठल्या की तो 'पित्त उठले' म्हणतो. दिसते ते कातडीवर, पण नाव निघते पोटाचे. मग घरातले कोणीतरी आमसुले भिजत घालते, थोडे पाणी प्यायला देते आणि उरलेले अंगाला चोळते. आमच्या शेजारची कानडी माणसेही याला 'पित्तद गंधे' असेच म्हणतात. त्वचेचा रोग पोटातून येतो ही समजूत दोन्ही भाषांच्या बोलण्यात अशी मुरलेली आहे की ती कोणी कोणाला शिकवावी लागत नाही.

मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात हयात गेली. त्यामुळे ही समजूत कोठून आली, कोणाकोणाच्या हातांतून गेली, वाटेत तिने कोणाचे भले केले आणि कोणाचे वाईट, हे पाहण्याची मला फार दिवसांची उत्सुकता होती. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडे या विचाराचे सविस्तर रूप चरकसंहितेत आहे. जठराग्नी मंद झाला की अन्न अर्धवट पचते, त्यातून आम तयार होतो, दोष बिघडतात आणि बिघाड त्वचेपर्यंत पोचतो, अशी ही मांडणी. सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात विरुद्ध आहाराचा विचार येतो. मासे आणि दूध एकत्र खाऊ नये हा आपल्या घराघरांतला दंडक तेथे आहे. विरुद्ध अन्नाने होणाऱ्या रोगांच्या यादीत कुष्ठ आणि किलास, म्हणजे कोड, हेही आहेत. पण गंमत अशी की हा दंडक तेथे वादाच्या रूपात येतो. आत्रेय म्हणतात, दूध आणि मासा दोन्ही मधुर, पण दूध शीत आणि मासा उष्ण. म्हणून ती जोडी रक्त दूषित करते आणि स्रोतांचे मार्ग अडवते. त्यावर भद्रकाप्य म्हणतात की चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकीचे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. आत्रेय ते मान्य करीत नाहीत. म्हणजे त्या काळीही जाणत्यांत मतभेद होता, आणि ग्रंथाने तो प्रामाणिकपणे जपून ठेवला.

त्याच अध्यायात पुढे आणखी एक सवलत आहे. ज्याचा अग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, व्यायाम करतो, ज्याला त्या अन्नाची सवय आहे किंवा जो ते थोडेच खातो, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही. आपण दंडक तेवढा लक्षात ठेवला. वाद विसरलो आणि सवलतही विसरलो.

चिकित्सास्थानाच्या ७ व्या अध्यायात कुष्ठाचे १८ प्रकार दिले आहेत, ७ मोठे आणि ११ लहान. त्यांत आपण गजकर्ण, खरूज, इसब म्हणतो तसलेही विकार येतात. नुसता महारोग नव्हे. कारणे सांगताना खाण्यापिण्याच्या चुका येतात आणि त्याच ओघात गुरुजनांचा अपमान आणि पापकर्मही येते. माझ्या मते या इतिहासातली अडचणीची जागा हीच. पथ्य मोडले इथपासून पाप केले इथपर्यंत एकच पाऊल आहे. रोग्याने काहीतरी खाल्ले असेल असे म्हणता म्हणता रोग्याने काहीतरी केले असेल असे लोक म्हणू लागतात.

याच परंपरेतून एक चांगली वाटही फुटली. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले आहे आणि हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत होतो असेही म्हटले आहे. आपल्याकडचा कडू कवठ तो हाच, असे जाणकार मानतात. हे तेल पोटात घ्यायचे. त्याने उलट्या आणि रेच होत, आणि दोष वरून व खालून बाहेर पडले अशी त्याची फोड केली जाई. १८५४ साली कलकत्त्यात डॉ. मोआट यांनी या तेलाचा पूर्वेकडचा भाऊबंद, चालमोगरा, पाश्चात्त्य वैद्यकापुढे आणला. इकडे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जुनी औषधे तपासून पाहण्याचा ध्यास घेतला. हे मूळचे गोव्यातल्या पेडणे महालातल्या मांद्र्याचे. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. संस्कृत ग्रंथ वाचायचे आणि त्यातले औषध रोग्यावर पारखायचे, ही त्यांची पद्धत. महारोगावर त्यांनी कडू कवठाच्या जातीचे तेल वापरले. १८७४ साली ते वारले. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेत हान्सेन यांना या रोगाचा जंतू दिसला होता.

पुढे या तेलाची खरी अडचण पोटातच निघाली. रोग्यांना ते पचत नसे, मळमळ आणि उलट्यांनी ते हैराण होत. जुन्यांना जे शोधन वाटले ते नव्यांना विघ्न वाटले. १९१५ च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते सुईने टोचता येईल असे केले. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत जगभर रोग्यांना याच तेलाचा काय तो आधार होता. त्याचा गुण मर्यादितच होता, पण जुन्या पोथीतले औषध तपासायला घेतले म्हणून तेवढा तरी आधार मिळाला.

आता उलटे उदाहरण पाहा. सर जोनाथन हचिन्सन हे लंडनचे नामांकित शल्यवैद्य. नीट न खारवलेले, नासके मासे खाल्ल्याने महारोग होतो या मताला ते आयुष्यभर चिकटून राहिले. त्यासाठी दक्षिण आफ्रिका झाली, हिंदुस्थान आणि सिलोनही झाले. १९०६ साली त्यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले. मासे न खाणाऱ्यांतही हा रोग होतो असे लोक दाखवून देत, तर ते कोठेतरी मासा शोधून काढत. जंतू सापडून तीस वर्षे उलटली होती, तरी एवढा मोठा माणूस ताटाकडेच बोट दाखवीत राहिला. तेव्हा ताटाला दोष देण्याची खोड केवळ आपल्या आजीबाईंची नाही.

मग पोटाचा आणि कातडीचा संबंधच नाही का? आहे, आणि तो आपल्या भाकरीपर्यंत येतो. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरांनी मका खाऊन जगणाऱ्या गरिबांचा एक रोग पाहिला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडे, गळ्याभोवती हारासारखा पट्टा उठे. जुलाब होत, आणि शेवटी बुद्धीही भ्रमे. हाच पेलाग्रा. अमेरिकेत डॉ. गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून खपून तो जंतूचा नव्हे, निकस आहाराचा आहे हे दाखवले आणि १९३७ साली नायसिन हे त्यातले उणे जीवनसत्त्व ठरले. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या मजुरांतही हा रोग दिसे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाकडे लक्ष वेधले. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाला. पण ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय काहीच नव्हते त्यांनाच हा रोग गाठत होता, यात वाद नाही. डाळ, दूध, भाजी, शेंगदाणे मिळाले की ज्वारी निर्दोष. येथे कातडी पोटाचे खरेच सांगत होती, आणि ती सांगत होती दारिद्र्याबद्दल. पापाबद्दल नव्हे.

गव्हाचेही तसेच. १८८४ साली अमेरिकेतल्या डूरिंग यांनी भयंकर खाज सुटणाऱ्या, पुरळाच्या एका रोगाचे वर्णन केले. १९६६ साली, म्हणजे ८२ वर्षांनी, इंग्लंडमध्ये असे दिसले की या रोग्यांच्या आतड्याचे अस्तरही बिघडलेले असते. गव्हातले ग्लूटेन त्यांना सोसत नाही. गहू कायमचा बंद केला की आतडे सुधारते आणि सावकाश कातडीही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या पोळी खाणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ऐकून घाबरू नये. तपासणी करून निदान झालेल्या थोड्यांनाच हे पथ्य आहे.

आणि मासा? त्यालाही एक खरी बाजू आहे. बांगडा, तारली, कुपा असले मासे उबेत राहिले की जंतू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात. शिजवले तरी ते जात नाही. असा मासा खाल्ला की तासाभरात तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, पोट बिघडते. बर्फाची सोय नसताना घाट चढून बेळगावच्या बाजाराला येणारी मासळी कशी असे, याची कल्पना वाचकांनी करावी. आपल्या पूर्वजांनी या अनुभवाचा काही भाग दुधाच्या माथी मारला असेल, असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे.

कोडाची गोष्ट मात्र निराळी. मराठीत कोड, कानडीत तोन्नु, तेलुगूत बोल्ली. शरीराचीच संरक्षक यंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून हे पांढरे डाग पडतात. ते संसर्गजन्य नाहीत, आणि मासे व दूध यांनी ते येतात याला आधार नाही. तरीही डाग दिसला की पहिला प्रश्न येतो तो 'काय खाल्लेस?' हाच. आईला विचारतात, गरोदरपणी काय खाल्ले होतेस. आमच्या भागात ठरलेली लग्ने अशा एका डागावरून मोडलेली मी पाहिली आहेत. मुलगी मासे न खाणाऱ्या घरची असली तरी.

महारोगाच्या बाबतीत कायदासुद्धा बराच काळ याच मनाचा होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून नोंदला होता. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधयोजना आली, रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी ते कलम निघायला २०१९ साल उजाडावे लागले. औषध आले आणि तब्बल ३७ वर्षांनी कायद्याची भीती गेली. माणसांच्या मनातली किती वर्षांनी जाईल?

पथ्याचा मला राग नाही. शिळा मासा खाऊ नये, पचेल तेवढेच खावे, हे चांगलेच आहे. अंगावर चट्टा उठला, तो सुन्न लागला किंवा पुरळ महिनोन्‌महिने गेले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे, आणि वैद्याचे औषध चालू असेल तर तेही त्यांना मोकळेपणाने सांगावे. मात्र ज्याच्या अंगावर डाग आहे त्याला पंक्तीत शेजारी बसवावे, वाढावे, आणि काय खाल्लेस हा प्रश्न त्याच्या डॉक्टरांवर सोडावा.