गिअरबॉक्समधला देवमासा

जुनी ऑटोमॅटिक गाडी वर उचलून तिच्या गिअरबॉक्सचं चेंबर सोडलं, की खालच्या घमेल्यात तेल पडू लागतं. तेल चांगल्या स्थितीत असेल तर डाळिंबाच्या रसासारखं लाल, जुनं झालं असेल तर तपकिरी आणि आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या असतील तर काळपट, करपट वासाचं. हा लाल रंग तेलाचा स्वतःचा नव्हे. गाडीखाली डाग दिसला तर तो इंजिनच्या तेलाचा की गिअरबॉक्सच्या, हे चटकन कळावं म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. काम झालं की मिस्त्री घमेलं बाजूला सारतात. या तेलाचा इतिहास मात्र असा बाजूला सारण्याजोगा नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत तयार होणाऱ्या या तेलात चक्क देवमाशाचं तेल मिसळलं जात होतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी गाडी शिकली ती डाव्या पायानं क्लच दाबत. गिअर बदलताना इंजिन आणि चाकं यांची फारकत करायची आणि मग हलक्या पायानं त्यांचं पुन्हा जुळवून द्यायचं, हे सगळं त्या पायाचं काम. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम तेल करतं. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असंच एक बंद भांडं असतं, फक्त त्यात वाऱ्याऐवजी तेल असतं. तेच तेल दाबाखाली जाऊन आतले क्लच आवळतं आणि सोडतं, दातेरी चक्रांना वंगण देतं, तापलेले भाग थंड करतं. एका तेलाकडून इतकी कामं करून घेणारं यंत्र मोटारीत दुसरं नाही.

या यंत्राचा संसार सुरू झाला तो १९३९ साली. जनरल मोटर्स कंपनीनं १९४०च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढं दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसवला गेला. युद्ध संपल्यावर अशा गाड्यांची संख्या भराभर वाढली. तेव्हा कुठल्याही पेट्रोल पंपावर योग्य तेल मिळावं, म्हणून १९४९ साली कंपनीनं तेलाचा एक ठरावीक दर्जा जाहीर केला. त्याचं नाव 'टाइप ए'. १९५० साली शेवरलेचा 'पॉवरग्लाइड' आला. आपल्याकडे हिंदी सिनेमातल्या श्रीमंत घरांच्या पोर्चमध्ये उभी राहून जी प्रसिद्ध झाली, त्या इंपालालाही हा गिअरबॉक्स मिळत असे. १९५७मध्ये 'टाइप ए'ची सुधारित आवृत्ती निघाली आणि १९६७ साली आलं 'डेक्सरॉन'. हे नाव तेलाच्या डब्यांवर आजही दिसतं.

आता देवमाशाची गरज कुठं पडली? मी कविता लिहिणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस. मला ही गोष्ट समजली ती सारंगीमुळं. सारंगीच्या गजाला राळ लावतात. राळेमुळं गजाचे केस तारेला पकडतात, ताण वाढला की निसटतात, पुन्हा पकडतात. एका क्षणात शेकडो वेळा घडणाऱ्या या पकडण्या-निसटण्यातून सूर उमटतो. गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासत घासत थांबतात, तेव्हा थांबण्याच्या शेवटच्या क्षणी नेमका हाच खेळ सुरू होण्याचा धोका असतो. फरक इतकाच, की तिथं सूर उमटत नाही. गाडीला हिसका बसतो, ती थरथरते, चकत्या झिजतात. म्हणून तेलात राळेच्या नेमकं उलट काम करणारं काहीतरी हवं असतं. वेग मंदावत जाईल तशी पकड एकदम वाढू न देणारं, चकत्यांना अलगद एकत्र आणणारं.

हा गुण स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या तेलात पुरेपूर होता. देवमासा हा खरं तर मासा नव्हे, आपल्यासारखाच सस्तन प्राणी. त्याच्या अवाढव्य मस्तकात मेणासारखा द्रव असतो. मोठ्या नरात तो १९०० लिटरपर्यंत भरतो. आपल्या ओळखीची बहुतेक तेलं आणि चरब्या ग्लिसरीनच्या संयुगांपासून बनलेल्या असतात. हे तेल मात्र बरंचसं द्रवरूप मेण. ते धातूला घट्ट चिकटून राहतं, उष्णतेत आणि दाबाखालीही त्याचा पातळ थर सहजी तुटत नाही.

या तेलासाठी माणसानं समुद्र धुंडाळले ते आधी दिव्यांकरता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या नॅनटकेट, न्यू बेडफर्ड या बंदरांतून गलबतं दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या सफरींवर निघत. हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' ही १८५१ची कादंबरी याच शिकारीवरची. पुढं १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथं खनिज तेलाची विहीर लागली, घरोघर रॉकेल आलं आणि देवमासा वाचला, असं आपण वाचत आलो आहोत. ऐकायला ही गोष्ट गोड आहे, पण ती अर्धीच आहे. रॉकेलनं दिव्याची गरज भागवली. यंत्राची गरज त्यानंतर जन्माला आली. विसाव्या शतकात वेगवान जहाजं आणि स्फोटक भाले यांच्या जोरावर साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. एकट्या १९६४ सालात सुमारे २९ हजार. वल्ह्यांच्या होड्यांतून हातानं भाला फेकणाऱ्या काळात एवढी कत्तल कुठल्याही वर्षी झाली नव्हती. हे सगळं तेल गिअरबॉक्समध्ये गेलं असं नव्हे. कातडी कमावणं, सौंदर्यप्रसाधनं, नाना प्रकारची वंगणं, असे त्याला अनेक वाटेकरी होते. ऑटोमॅटिक गाडी ही त्यांतली एक वाटेकरी. गाडी चालवणाऱ्याला मात्र याचा पत्ताही नव्हता. डब्यावर देवमाशाचं चित्र थोडंच होतं!

१९७० साली अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे मंत्री वॉल्टर हिकेल यांनी देवमाशांच्या आठ मोठ्या जाती संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातल्या. त्यांत स्पर्म व्हेलही होता. त्याच्या तेलाशिवाय यंत्रांचं अडेल, हा विरोधकांचा मुद्दा होता. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हिकेल यांना पदावरून दूर केलं. त्यांच्या धोरणावर हिकेल यांनी पत्र लिहून टीका केली होती, तो राग जुना होता. मंत्री गेले, यादी मात्र टिकली. १९७१ साली कॅलिफोर्नियात अमेरिकेतलं शेवटचं देवमासे कापणारं केंद्र बंद झालं. १९७२मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, १९७३मध्ये संकटग्रस्त जीवांचा व्यापक कायदा झाला. तेलाच्या आयातीची दारं मिटली.

मग गाड्या अडल्या का? नाही. पण सगळं सुरळीत झालं असंही म्हणता येणार नाही. देवमाशाच्या तेलाविना बनवलेलं 'डेक्सरॉन-२' १९७३च्या सुमारास आलं. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. नव्या तेलातल्या रसायनांनी त्या कूलरचे सोल्डर केलेले सांधे खायला सुरुवात केली. सांधा गळला की रेडिएटरचं पाणी तेलात शिरतं आणि पाणी शिरलेला गिअरबॉक्स फार दिवस काढत नाही. याचा भुर्दंड गाडीमालकांच्या खिशाला बसला. काही वर्षांत तेलात गंजरोधक रसायन घालून ही खोड काढण्यात आली. दुसरीकडे अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात पसरलेल्या सोनोरा वाळवंटातल्या जोजोबा या झुडपाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. त्याच्या बियांत जवळजवळ निम्मं वजन द्रवरूप मेणाचं, तेही देवमाशाच्या तेलाशी साधर्म्य असलेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं १९७५ साली या झुडपावर अहवाल काढला. आज जोजोबा आपल्या राजस्थानातही लावतात, पण त्याचं तेल जातं ते मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांत. गिअरबॉक्सची गरज प्रयोगशाळेत तयार केलेल्या पदार्थांनी भागवली.

या घटनांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पर्याय सापडला आणि मग शिकार थांबली, असं झालं नाही. आधी दार बंद झालं, मग पर्याय शोधावा लागला. देवमाशाचं तेल मिळत होतं तोवर ते सोडून देण्याची निकड कुणालाच नव्हती. खरं तर दुसरी वाट त्याच काळात डोळ्यांसमोर होती. फोर्ड कंपनीच्या गाड्यांना लागणाऱ्या 'टाइप एफ' तेलात पकड नरम करणारा घटक घालतच नसत. त्या गाड्यांचे क्लचच तशा तेलासाठी बेतलेले होते. गिअर बदलताना त्या जरा ठसक्यात बदलत, एवढंच. 'याला पर्याय नाही' हे वाक्य आपण आजही रोज ऐकतो. नदीबद्दल, डोंगराबद्दल, जंगलाबद्दल. ते कानी आलं की मला हा गिअरबॉक्स आठवतो.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे, त्यांना या इतिहासाचा व्यवहारातही उपयोग आहे. 'टाइप एफ' आणि 'डेक्सरॉन' या दोन घराण्यांत पकडीचा स्वभावच वेगळा, म्हणून एकाच्या जागी दुसरं भरू नये. गाडीच्या पुस्तकात जे नाव असेल ते पाहावं आणि आज त्याच्या जागी कोणतं चालतं याची खात्री करून घ्यावी. २००५ साली आलेलं 'डेक्सरॉन-६' जुन्या 'डेक्सरॉन'च्या जागी चालेल अशा बेतानं बनवलेलं आहे. चेंबर उघडलं तरी सगळं तेल बाहेर येत नाही, बरंचसं त्या बंद भांड्यातच राहतं. चेंबरच्या तळाशी थोडी बारीक पूड असणं स्वाभाविक आहे, पण धातूचे तुकडे निघाले तर दुखणं जुनं आहे असं समजावं. फिल्टर आणि पॅकिंग नवं घालावं. बहुतेक गाड्यांत तेलाची पातळी गाडी तापलेली आणि इंजिन चालू असतानाच तपासायची असते. 'तेल बदललं आणि गिअर घसरायला लागले' अशी तक्रार गॅरेजात हमखास ऐकू येते. बहुधा चकत्या आधीच झिजलेल्या असतात, बोल मात्र नव्या तेलाला लागतो. आणि काढलेलं तेल गटारात ओतू नये. गटार नाल्याला मिळतं, नाला खाडीला आणि खाडी समुद्राला.

त्या समुद्रात देवमासा अजून आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगानं १९७९ साली हिंदी महासागर त्याच्यासाठी अभयारण्य ठरवला आणि १९८२मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. तरीही स्पर्म व्हेलची गणना आजही असुरक्षित प्राण्यांत होते. 'व्हेलची उलटी' विकताना टोळी पकडल्याच्या बातम्या कोकणातून, ठाण्या-पुण्याकडून अधूनमधून येतात, ती याच प्राण्याच्या आतड्यात तयार होणारी वस्तू. अत्तरवाले तिला अंबर म्हणतात. आपल्या कायद्यानं तिच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. म्हणजे गिऱ्हाईक अजून संपलेलं नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र ते संपलं. जुनं तेल काढून नव्या डब्याचं झाकण उघडावं, तेव्हा आतलं तेल पूर्वीसारखंच लाल दिसतं. त्यात देवमासा नाही. आणि गाडी गिअर बदलते, हिसका न देता.