डॉक्टरांची शाळातपासणी

२०११ च्या उन्हाळ्यात मी भाचीकडे न्यू जर्सीत तीन महिने राहिलो होतो. ती एका वयस्क डॉक्टरांच्या दवाखान्याचं ऑफिस सांभाळायची. रोज उशिरा घरी यायची. एकदा जेवताना म्हणाली, "मामा, आज बिडीकाडीची टक्केवारी अडली!"

मला काही उमगेना. मग ती सांगत गेली आणि मला आमची शाळातपासणी आठवली. साहेब येणार म्हटलं की आम्ही रात्र जागून टाचणवही पुरी करायचो, तीच गत.

त्याचं मूळ २००९ सालात. १७ फेब्रुवारीला ओबामांनी मंदीवर उतारा म्हणून मोठ्या खर्चाच्या कायद्यावर सही केली, त्यात 'हायटेक' नावाचा एक भाग होता. रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवा, तर मेडिकेअरकडून एका डॉक्टरला पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत मिळतील. २०१५ पर्यंत जमलं नाही तर मेडिकेअरचे पैसे कापले जातील. हेतू चांगलाच होता. २००५ च्या कत्रिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या कितीतरी कागदी फायली पाण्यात गेल्या, पण माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर असल्यामुळे वाचल्या.

मात्र नुसता संगणक घेऊन भागत नव्हतं. तो 'अर्थपूर्ण' वापरल्याचं पहिल्या वर्षी सलग ९० दिवसांच्या आकड्यांनी दाखवायचं होतं. त्यातलीच एक अट अशी, की १३ वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांची धूम्रपानाची नोंद हवी. आमचे डॉक्टर प्रत्येकाला विचारत, लिहीतही. पण ओघात, मजकुरात. यंत्र मोजणार फक्त ठरलेल्या चौकटीतलं!

अशा छोट्या दवाखान्यांसाठी सरकारनं देशभर ६२ मदतकेंद्रं काढली, एक लाख प्राथमिक डॉक्टरांपर्यंत पोचायला. कल्पना शेतकी खात्याची. १९१४ च्या कायद्यानं अमेरिकेत विद्यापीठातलं ज्ञान बांधावर नेणारी माणसं नेमली होती, तोच कित्ता. (आपल्याकडचे ग्रामसेवक आठवले की नाही?)

भाचीकडे आलेला मुलगा शहाणा निघाला. संगणकाला हात न लावता अर्धा दिवस तो नुसता कोपऱ्यात उभा राहिला. नर्स वजन, रक्तदाब चिठ्ठीवर लिहिते आणि त्या चिठ्ठ्या भाची रात्री बसून भरते, हे त्यानं हेरलं. दुसऱ्या दिवशी एक संगणक वजनकाट्याशेजारी गेला. धूम्रपानाचा प्रश्नही नर्सकडे आला. भाची सातला घरी येऊ लागली.

डॉक्टरांचं दुखणं मात्र वेगळं होतं. एकदा मला भेटले तेव्हा म्हणाले, "चाळीस वर्षं मी माणसाच्या तोंडाकडे बघून निदान केलं, आता पडद्याकडे बघतो." मला त्यांचं पटलं. मीही हजेरीपटात डोकं घालून वर्ग घेतलेले आहेत.

पुढे भाचीनंच त्यांचं टेबल फिरवून घेतलं. पडदा आता रुग्णालाही दिसू लागला. पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंनी त्यात बोट घालून सांगितलं, "ही गोळी मी दोन वर्षांपूर्वीच सोडली."