आरोग्यसंवाद, ग्रामीण महाराष्ट्रातील

रुग्ण, त्याचे घरचे आणि आरोग्याचे किंवा समाजसेवेचे काम करणारी माणसे यांच्यात आजार, उपचार व शुश्रूषा यांविषयी होणारे बोलणे, विचारणे, ऐकणे व दाखवणे. डॉक्टर आणि रुग्ण यांचे संभाषण हा त्याचा लहानसा भाग आहे. खेड्यात हे काम मुख्यतः दाई, अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि आशाताई करतात. त्यातले बरेचसे दवाखान्याबाहेर, घराच्या ओट्यावर किंवा बाळंतिणीच्या खाटेशेजारी घडते. या नोंदीचा भर त्यांच्या कामावर आहे. गोड बोलणे ही या संवादाची कसोटी मानता येत नाही. ऐकणारीला पुढे काय करायचे ते समजले का, आणि ते करणे तिच्या हातात आहे का, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. दुसरा प्रश्न बहुधा राहून जातो.

जामखेड : डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी शिकलेल्या परिचारिका-प्रसाविकांना गावात ठेवून पाहिले. त्या गावात रुळल्या नाहीत आणि गावानेही त्यांचा सल्ला फारसा मानला नाही. मग गावानेच निवडलेल्या, गावातच नांदणाऱ्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, काही दलित समाजातील होत्या. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या हातून मूल जन्माला येऊ लागले. या बदलाला आरोग्याइतकेच सामाजिक मोल आहे, परंतु मृत्युदराच्या तक्त्यात तो दिसत नाही. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोली : डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेचे काम आरोग्यसंवादाच्या दृष्टीने सर्वांत बारकाईने नोंदले गेले आहे.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, पोटात गोळा येतो, ही वाक्ये त्या स्त्रिया आपसांत बोलतच होत्या. सरकारी केंद्रात त्यांना गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरतेच विचारले जाई. बाई सांगत नाही, लाजते, असे कर्मचारी म्हणत आले होते. पाहणीनंतर ते म्हणणे टिकले नाही, कारण विचारणारी स्त्री समोर बसली आणि पडदा ओढला गेला तेव्हा त्या बोलल्या. डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकात हा अनुभव मराठीत आला आहे.

संस्थेच्या आवारातील रुग्णालयाची घडण आदिवासींशी बोलून ठरली. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबत आलेल्यांना राहायला जागा नसते, आणि पांढरे कपडे पाहून प्रेतावरच्या वस्त्राची आठवण होते, असे लोकांनी सांगितल्याचे नमूद आहे. त्यानुसार झोपडीवजा खोल्या बांधल्या गेल्या, रुग्णालयाला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव देण्यात आले आणि पांढरा कोट टाळण्यात आला. लोकांना विचारून त्यांचे उत्तर विटामातीत उतरवण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुर्मीळ आहे.

श्वासमापक : बालकांच्या न्यूमोनियाची खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालच्या बाळाने मिनिटाला ६० वा अधिक श्वास घेतले तर धोका समजावा, असा निकष आहे. त्यापेक्षा मोठ्या बाळासाठी तो ५० चा. परंतु घरोघर पोचणाऱ्या दायांना साठपर्यंत मोजता येत नसे आणि घड्याळही वाचता येत नसे. त्यांच्यासाठी ‘सर्च’मध्ये मण्यांची एक पाटी तयार करण्यात आली. तिला मिनिटभराची वाळूची घटिका जोडलेली होती आणि वयोगटानुसार मण्यांच्या दोन ओळी होत्या. दाई बाळाचे झबले वर सारते, वाळू उलटी करते आणि पोटाच्या हालण्यावर नजर ठेवते. दर दहा श्वासांना एक मणी सरकतो. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला की औषध द्यायचे. दहापुढचा आकडा कुठेच उच्चारावा लागत नाही. शेजारी बसलेल्या आजीलाही लाल मणी दिसतो, त्यामुळे ‘बाळाला काही झालेले नाही’ हा घरातला वाद तिथेच मिटतो. निदान आणि समजावणे एकाच कृतीत होणे, हे या साध्या साधनाचे मोठेपण होय.

नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा ‘सर्च’चा प्रयोग १९९३ पासून ३९ गावांत झाला. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. यातील श्रेय किती औषधाचे, किती इंजेक्शनचे आणि किती मातांना शिकवण्याचे, हे वेगळे काढता येत नाही. गावातील स्त्रीने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे का, याविषयी वैद्यकीय क्षेत्रात मतभेद राहिले आहेत.

आशा : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि ‘आशा’ हे गावातील आरोग्यसेविकेचे पद देशभर आले. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी तिच्या कामात आल्या. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही, अशा या भेटी असतात. गडचिरोलीच्या अनुभवाचा या योजनेवर प्रभाव आहे. आशाला वेतन नसून मोबदला मिळतो. त्याच्या पुरेसेपणाविषयी आशा संघटना आणि शासन यांच्यात वाद आहे.

बोलण्याच्या रीती : क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, घरात लिटरचे माप नसते. अनुभवी सेविका त्या घरातलाच तांब्या किंवा बाटली घेते, पाणी मोजून ओतते आणि इथपर्यंत भरायचे म्हणून खूण करते. औषधाच्या पाकिटावर ‘१–०–१’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ ती ‘चहा ठेवता तेव्हा एक, आणि रात्री भाकरी खाल्ल्यावर एक’ असा सांगते. रोजंदारीवर जाणारीला दुपारची गोळी सांगायची असेल तर ती फडक्यात भाकरीसोबत बांधून द्यावी लागते.

‘समजलं ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते, कारण ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. त्याऐवजी ‘मावशी, घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल, ते मला सांगा बरं’ असे विचारले की काय निसटले ते लगेच कळते. सर्व रीतींत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी आहे. मिनिटभर लागते, आणि बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत ते मिनिट कुणी देत नाही. तेव्हा संवाद सुधारायचा तर आधी माणसे वाढवावी लागतील. कार्यशाळा घेऊन रांग कमी होत नाही.

संबोधनाला महत्त्व आहे. ताई, मावशी, आजी, बाबा ही नाती जवळीक देतात, परंतु पुढचे क्रियापद आदरार्थी असले तरच. ‘आजी, या, बसा’ आणि ‘ए आजी, इकडे ये’ यांतला फरक रुग्ण वर्षानुवर्षे विसरत नाही. प्रसूतिगृहात कळा देणाऱ्या स्त्रीला अगं-तुगं करून खडसावण्याची सवय अनेक ठिकाणी आजही आहे. पुढच्या वेळी दवाखाना नको, असे स्त्रिया ठरवतात त्याचे तेही एक कारण असते. या वागण्याला सबब असू शकत नाही.

बोलीभाषा : माडिया, गोंडी, कोरकू भाषकांच्या भागात मराठी हीच परकी ठरते. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पात (१९७३) डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. अन्यत्र बहुधा नातेवाईक किंवा शिपाई दुभाष्या होतो, आणि सासूच्या तोंडून सुनेचा आजार कळतो.

संमती : सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ मधील एका निकालानुसार पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली सही ही खरी संमती नव्हे, आणि तपासणीची संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही. प्रत्यक्षात संमतिपत्र शस्त्रक्रियेच्या दारात पुढे केले जाते आणि सही नवऱ्याची किंवा मुलाची घेतली जाते. २०१० मध्ये महाराष्ट्रात डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. हल्ल्यांचा आणि अपुऱ्या बोलण्याचा संबंध अनेक जाणकार मांडतात; इतर जण गर्दी आणि खर्च ही मुख्य कारणे मानतात.

अशुभ वार्ता : कर्करोगाचे निदान रुग्णाआधी मुलाला सांगितले जाते आणि ‘बाबांना सांगू नका, खचतील’ अशी विनवणी होते. ती प्रेमापोटी असते. रुग्णाला मात्र घरातल्या कुजबुजीवरून बहुतेक कळलेलेच असते आणि तो एकटा पडतो. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ असे आधी रुग्णालाच विचारावे, या पद्धतीला आता मान्यता मिळत आहे. परिहार सेवेची (वेदना व त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची) सुरुवात भारतात १९८६ मध्ये मुंबईच्या शांती अवेदना सदनाने केली. गावपातळीवर ही सेवा विरळ आहे.

शिक्षण : वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून अभिवृत्ती, नीती व संवाद हा भाग आहे.

कर्णबधिर रुग्ण : भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले. खेड्यातील कर्णबधिर स्त्रीच्या वतीने मात्र दवाखान्यात बहुधा घरचा माणूसच बोलतो, मग तक्रार त्या घराविषयीची असली तरी.