सातबाऱ्यावरचे शहर

आपल्याकडचा स्थानिक इतिहास बराच काळ किल्ले, वतने आणि देवस्थाने यांच्याभोवतीच घुटमळला. कारखान्याचा भोंगा त्यात क्वचितच ऐकू आला. औद्योगिक उपनगरांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत मी पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर करतो, कारण या शहराचे बदलणे एका माणसाच्या आठवणीत मावते. बाजरीचे शेत आणि त्याच जागेवरची मोटारींची असेंब्ली लाइन, दोन्ही पाहिलेली माणसे अजून गप्पा मारायला तयार असतात.

चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे गाव. पवनेच्या काठी मळे, भोसरी-आकुर्डीकडे माळ. 1858 पासून खंडाळा ते पुणे रेल्वे इथूनच जात होती, मुंबईचा रस्ताही शेजारीच. पाणी, सपाट जमीन आणि मुंबईची वाट या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या, पण कारखाने यायला स्वातंत्र्य यावे लागले. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी पडली. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि जिथे बैल पाणी पीत होते त्या गावाचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. साठच्या दशकात बजाज, टेल्को आले; 1962 मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने माळ आखून घेतला. 1970 मध्ये नगरपालिका, 1982 मध्ये महापालिका, 1997 मध्ये आसपासची गावे हद्दीत. लोकसंख्या 1991 मध्ये पाच लाखांवर, 2011 मध्ये सतरा लाखांवर. सनावळी इथे संपते, अभ्यास इथून सुरू होतो.

तो धुराड्यापासून सुरू करू नये, सातबाऱ्यापासून करावा, हे माझे मत. ‘शेतकरी कामगार झाला’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य इथे अर्धेच खरे ठरते. यंत्रावर उभा राहिलेला माणूस बहुधा मराठवाडा, खान्देश, कोकण, पुढे उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेला. जमीन गेलेल्यांपैकी काही कंपनीत लागले. बरेच जण मात्र घरमालक झाले, ठेकेदार झाले, कामगारांच्या बसगाड्या चालवू लागले. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, तेव्हा संपादित झालेल्या शेतांच्या बदल्यात ‘साडेबारा टक्के परतावा’ मिळावा यासाठी पुढची कित्येक वर्षे गेली. ते प्राधिकरण 2021 मध्ये विलीन झाले, तरी ‘परतावा’ या शब्दावर निवडणुकीच्या सभा भरतच राहिल्या. इथल्या राजकारणाला गावकी-भावकीचे म्हणतात ते उगाच नाही. कारखान्यांच्या जकातीवर श्रीमंत झालेल्या पालिकेच्या सभागृहात जुन्या पाटीलकीचीच आडनावे का दिसतात, याचे उत्तर फेरफार नोंदींत शोधावे.

गुंठेवारी हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. एकराचे चाळीस तुकडे पडले, त्यातला एखादा, कधी अर्धाच, कामगाराने उसनवारी करून घेतला. खाली स्वतः राहिला, वर दोन खोल्या भाड्याने दिल्या. थेरगाव-चिखलीकडची एखादी गल्ली मध्येच काटकोनात का वळते? नगररचनाकाराला विचारू नका. तिथे बांध होता.

शेती संपली म्हणून शेतीचा प्रश्न संपत नाही, हेही इथेच कळते. शहराची तहान पवना धरण भागवते. धरणातून थेट बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. काल ज्यांचे मळे होते त्यांचे शहर आज वरच्या अंगाच्या मळ्यांचे पाणी मागत होते.

साधने अभिलेखागाराबाहेरही आहेत. टेल्को कंपनीचे नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झाले, तरी रस्ता ‘टेल्को रोड’च राहिला. अशी नावे टिपावीत. जुन्या लेथवाल्यांशी बोलावे, पण रविवारी नाही. वीज वाटून वापरता यावी म्हणून इथल्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारी ठेवलेली. रविवारी शॉपमध्ये जॉब चढलेला असतो आणि बोलायला कोणाला उसंत नसते. गुरुवारी, जरा उशिरा, जेवणानंतर जावे.