परवडणारी स्कॉच

परवा पुण्याहून भाच्याचा फोन. नवी नोकरी लागलीये, आता पार्ट्याबिर्ट्या नकोत, संध्याकाळी निवांत एक पेग हवा म्हणाला. "मामा, रोजच्यासाठी परवडणारी ब्लेंडेड स्कॉच सांग ना." घराण्यात या विषयातले तज्ज्ञ म्हणजे आम्हीच! (ताई, तू हे वाचणार, म्हणून आधीच सांगतो : त्याने विचारलं, मी फक्त उत्तर दिलं.)

उत्तर सोपं होतं. टीचर्स, हंड्रेड पायपर्स किंवा व्हॅट ६९. या स्कॉटलंडहून घाऊक येतात आणि बाटलीत इथे भरल्या जातात, म्हणून तिकडेच बाटलीबंद झालेल्यांपेक्षा स्वस्त. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात. हात आखडता ठेवलास तर जवळपास महिना निघतो. फोन ठेवला. पण 'परवडणारी' हा शब्द काही डोक्यातून जाईना.

ब्लेंडेड म्हणजे भेसळीची नव्हे. तांब्याच्या भांड्यात गाळलेली जवाची माल्ट व्हिस्की चवीला दणकट आणि महाग. १८३० साली इनियस कॉफी या आयरिश आबकारी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि धान्याची हलकी, स्वस्त दारू भरपूर निघू लागली. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधीच गोदामात या दोन्हींचं मिश्रण करायला परवानगी दिली. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी त्याचा धंदा उभा केला. म्हणजे ब्लेंडेड स्कॉच जन्माला आली तीच परवडावी म्हणून.

त्याआधीची गोष्ट मला जास्त आवडते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शेतकरी चोरून दारू गाळत. भट्ट्या फोडून सरकार थकलं. शेवटी १८२३ च्या कायद्याने कर कमी केला आणि दहा पौंडांत परवाना देऊ केला. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये तो घेतला, तर शेजारचे चोरटे गाळणारे त्याच्या जिवावर उठले. बिचारा पिस्तुलं बाळगून हिंडे. कालची हातभट्टी आज देशाची शान झाली!

आता आमच्याकडे या. १९९० च्या सुमारास माझी बदली गडचिरोलीला होती. तो जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन (१९८२) फार वर्षं झाली नव्हती. धानोऱ्याकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या गोंड आजोबांनी मोहाची दारू पुढे केली. देण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडले, पूर्वजांसाठी. मार्च-एप्रिलात पहाटे गळणारी मोहफुलं वेचायची, वाळवायची, पाण्यात आंबवायची, मडक्यात उकळायची आणि वाफ थंड करून धरायची. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याची कृती यापेक्षा फार वेगळी नव्हती. फक्त त्याला परवाना मिळाला, आजोबांचा कायद्याच्या भाषेत 'सडवा' झाला.

हे कसं झालं? इंग्रजांना आबकारीचं उत्पन्न हवं होतं. मध्य प्रांतात दारू गाळायचा आणि विकायचा हक्क ठेकेदारांकडे गेला. तिकडे मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहाचा कायदा करून ठाणे-कुलाब्यात मोहफुलं बाळगण्यावरच बंधनं आली. फुलं जंगलात फुकट, पण दारू विकत घ्यायची ठेकेदाराची! स्वातंत्र्यानंतर ठेकेदार बदलले, कारखान्याची देशी आली, मळीच्या स्पिरिटची 'इंग्लिश' आली. घरची तेवढी गुन्हा राहिली.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. पण या जिल्ह्यांचा इतिहास एवढाच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'च्या साथीने गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, दारूविरुद्ध आंदोलन केलं आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामींबरोबर चिमूरहून पायी नागपूरच्या विधानसभेवर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी आली. त्या बायका संस्कृतीबद्दल बोलत नव्हत्या, मजुरी घरी येत नाही एवढंच म्हणत होत्या.

बंदीत माझं काय झालं? खरं सांगतो, नागपूरला गेलो की बॅगेत एक बाटली यायची. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाई पहिले काही महिने खुशीत होत्या. नवऱ्याची मजुरी घरी येत होती, मुलीची शाळेची फी वेळेवर भरली गेली. मग गल्लीत चोरटी दारू आली, दुप्पट भावाने. एकदा ओट्याखालची रिकामी बाटली बाहेर काढताना त्या म्हणाल्या, "काका, तुमची नागपूरहून येते, त्याची गल्लीतून येते. मंग बंदी झाली कोणाची?"

मला उत्तर देता आलं नाही.

मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. जुलैत दुकानं उघडली. मीही रांगेत होतो. पलीकडे देशीच्या दुकानासमोरच्या रांगेत बाईंचा नवरा होता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती वळवली. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, भांडी घासली, काही बोलल्या नाहीत.

आता स्कॉच आणखी स्वस्त होईल म्हणतात. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात आयातशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि पुढे दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. माझा पेग मी सोडलेला नाही, सोडेन असंही म्हणत नाही. पण बाटलीवरची किंमत वाचताना ती कुणाला परवडते, हे हल्ली मनात येतं.

हे सगळं भाच्याला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मामा, मी फक्त ब्रँड विचारला होता."

असो.